पश्चिमेच्या भिंतीवरचा खिळा

सांगलीच्या अध्यापक विद्यालयातली मुलं दर वर्षी जानेवारी सरला की आमच्या बोरमळ्याच्या शाळेत यायची. शिक्षक व्हायचं तर आधी खऱ्या पोरांपुढे उभं राहून दाखवावं लागतं, त्यासाठी तासगावच्या वाटेवरच्या चार-दोन शाळा त्यांना वाटून दिलेल्या असत. पंधरा दिवस सरावाचे पाठ, आणि शेवटी वार्षिक पाठ. त्याला बाहेरगावचे परीक्षक येत. त्यात नापास झालेल्याला वर्षभर थांबावं लागे. दुसऱ्यांदा नापास झालेल्याचं नाव पटावरून जाई.

पंच्याहत्तर साली आलेल्या पाच जणांत जालिंदर होता. फलटणकडच्या एका खेड्यातला, उंच, चालताना खांदे पुढे काढणारा. माझा तिसरीचा वर्ग त्याच्या वाट्याला आला. पहिल्याच दिवशी पाया पडून म्हणाला, "गुरुजी, मागल्या साली नापास झालोय. नंतर कुणाकडनं तरी कळण्यापेक्षा आत्ताच सांगतो."

"कशानं रे?"

"पाठ वेळेत संपला नाही. पावसाचा पाठ होता. एका पोरानं विचारलं, उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी जातं कुठं? मी त्याच्या मागं गेलो. वीस मिनिटं तिथंच गेली, आणि घंटा झाली."

"प्रश्न चांगला होता की."

"परीक्षकही तेच म्हणाले. प्रश्न उत्तम, पाठ बाद."

असं म्हणून तो हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. त्याचे वडील सयाजीराव पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले. घरातल्या तीन पिढ्या पलटणीत गेल्या, चौथी खडू घेऊन कुठं निघाली, असं त्यांचं म्हणणं. पोराला शिकायला त्यांनी एकदा सोडलं होतं, दुसऱ्यांदा सोडलं होतं, आता मात्र सांगून ठेवलं होतं की यंदा जमलं नाही तर थेट भरतीला.

"तुला पलटणीची भीती वाटते का?" मी विचारलं.

"नाही गुरुजी. पण मला पोरं शिकवायचीत."

दुपारच्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात भाकरी खायचो, तेव्हा तो आपली टाचणवही उघडून बसायचा. पाठाच्या टाचणाचे तीन रकाने असतात. शिक्षकानं काय विचारायचं, मुलानं काय सांगायचं आणि फळ्यावर काय लिहायचं. मधल्या रकान्याला 'अपेक्षित उत्तर' म्हणतात.

"हे बघा," तो मधल्या रकान्यावर बोट ठेवून म्हणायचा. "पोरानं उद्या काय बोलायचं ते मी आजच लिहून ठेवतो. मग पोर उद्या वर्गात येतं कशाला? माझं लिहिलेलं मला म्हणून दाखवायला? आणि एखाद्यानं दुसरंच काही सांगितलं, तर आपण 'चूक' म्हणून पुढच्याला उठवतो. ते दुसरं काय होतं, त्याला तसं का वाटलं, हे कुणी विचारतच नाही."

"चाळीस पोरांत प्रत्येकाला विचारत बसलास तर वर्ष पुरायचं नाही."

"सगळ्यांना नाही विचारता येणार, गुरुजी. पण कुणालाच विचारायचं नाही, हे कुठनं आलं?"

मी भाकरीचा घास मोडला. माझी तेव्हा अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली एकोणीस बोरमळ्यात. मुलं मला आवडायची. मी कधी छडी वापरली नाही. माझ्या वर्गाबद्दल साहेबांचा शेरा नेहमी 'समाधानकारक' असायचा. पण तो शेरा कसा मिळायचा हे मला ठाऊक होतं, आणि जालिंदरला अजून ठाऊक नव्हतं.

ते त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्या दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून कुणी तरी येणार अशी वर्दी आली. मी सवयीप्रमाणे पाच मुलांची नावं घेतली आणि म्हटलं, "चला, झाडांना पाणी." पाचही जण काही न बोलता उठले. कोपऱ्यातल्या दोन बादल्या त्यांनी उचलल्या आणि ते गेले. शाळेमागं ओढ्याच्या कडेनं कडुनिंबाची रोपं लावली होती. कुणी साहेब आला की ही पाच पोरं रोपांना पाणी घालायची, आणि वर्गात उरायची ती फडाफडा बोलणारी. पूर्वी एकदा एक पोरगं साहेबांपुढे रडलं होतं आणि शेरा आला होता, 'वर्ग कच्चा'. तेव्हापासूनची ही रीत. माझीच नाही, आजूबाजूच्या सगळ्या शाळांत होती. कुठं पाणी घालत, कुठं अंगण झाडत.

"ही पाच का?" जालिंदरनं विचारलं.

"कच्ची आहेत."

"ती सगळ्यात पुढची, वेणीवाली?"

"ती बनी. दुसऱ्यांदा तिसरीत आहे."

बनी भामाबाईची मुलगी. भामाबाई द्राक्षाच्या मळ्यात रोजानं जायची. सकाळी शेरडं सोडायची, संध्याकाळी ती परत आणायची, हे बनीचं काम. वर्गात फारशी बोलायची नाही. तिच्याबद्दल माझं मत एकाच दिवशी झालं होतं. आदल्या वर्षी जिल्ह्याचा नकाशा शिकवताना मी तिला विचारलं, "पूर्व दिशा दाखव." वर्गातलं प्रत्येक पोर उजवा हात लांब करून दाखवायचं. बनी उभी राहिली, चक्क माझ्याकडे पाठ करून वळली आणि तिनं मागच्या दाराकडं बोट केलं. सगळा वर्ग हसला. पोरगी एक तर उद्धट असावी, नाही तर मंद. मी दयाळू माणूस, म्हणून दुसरं धरलं.

साहेब काही त्या दिवशी आले नाहीत. जालिंदर मात्र दुपारी सगळ्या वर्गाला अंगणात घेऊन गेला. त्यानं एक्केचाळीस पोरं गोलात उभी केली, पाणी घालणारी पाचही त्यात घेतली आणि म्हणाला, "सगळ्यांनी पूर्व दिशा दाखवा बघू."

मी व्हरांड्यातून बघत होतो. चाळीस पोरांनी उजवा हात लांब केला. गोलात उभी असल्यामुळे कुणाचा हात ओढ्याकडं, कुणाचा देवळाकडं, कुणाचा माझ्याकडं. चाळीस पोरं आणि चाळीस दिशांना पूर्व. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"आता उत्तर दिशा."

चाळीस हात आभाळाकडं गेले.

"दक्षिण?"

सगळ्यांनी जमीन दाखवली. वर्गातला सगळ्यात हुशार अर्जुना तर खाली वाकला आणि त्यानं मातीला हात लावला.

हे मीच शिकवलं होतं. वर्गात फळ्याशेजारी खिळा, खिळ्याला नकाशा, हातात काठी. 'वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम.' एकोणीस वर्षं पोरं हे माझ्यामागून गात होती. ती नकाशाबद्दल बोलत नव्हती, भिंतीबद्दल बोलत होती. आणि आमच्या वर्गाचा फळा होता पश्चिमेच्या भिंतीला. तिच्याकडं तोंड करून बसलेल्या पोराचा उजवा हात जातो उत्तरेला. म्हणजे नकाशाबाहेर माझी एकही दिशा खरी नव्हती.

गोलात एक पोरगी तेवढी वेगळी उभी होती. बनीचं बोट तुकाईच्या टेकडीकडं होतं.

जालिंदर तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुला तसं का वाटलं गं?"

"शेरडं सोडते तवा दिस तकडनं उगवतो."

"मग वर्गात सगळी भिंत दाखवतात, तेव्हा तू गप्प का?"

बनीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "गुर्जी सांगत्यात ती साळंतली पूर्व. ही आमची."

ती पोरगी एवढंच बोलली, आणि पुन्हा बादल्यांकडं बघत उभी राहिली. त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात गेलो. नकाशासमोर उभा राहिलो, उजवा हात लांब केला आणि बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिलो. मग पक्कड शोधू लागलो.

"खिळा काढू नका, गुरुजी." जालिंदर दारात उभा होता. "तुम्ही काढलात तर पोरं उद्या 'डावीकडे पूर्व' म्हणायला लागतील. त्यांचं त्यांना सापडू दे. माझा वार्षिक पाठ ह्याच्यावरच घेतो."

"आणि टाचण?"

"पहिला रकाना लिहिलाय. मधला कोरा ठेवणार."

मी त्याला परोपरीनं समजावलं. दुसरी पोरं वार्षिक पाठ वर्गाकडून चार-चार वेळा घोकून घेतात. तू एकदा तरी घे. मधल्या रकान्यात पेन्सिलीनं तरी काही लिही. परीक्षकाला कोरी जागा दिसली की तो पाठ बघायच्या आधीच बिथरतो. तुझी ही शेवटची खेप आहे.

"घोकून घेतलं तर परत तेच, गुरुजी. चाळीस पोरं भिंत दाखवणार." थोडा थांबून तो म्हणाला, "एक मागतो. त्या दिवशी झाडांना पाणी नको. पाचही जणं वर्गात पाहिजेत."

मी हो म्हटलं खरं, पण त्याच्यासाठी पाठाच्या आदल्या संध्याकाळी भामाबाईच्या घरी जावं लागलं. कारण वर्दी गावात आधीच पोचली होती, आणि बनी दुसऱ्या दिवशी आईबरोबर मळ्यात जाणार होती.

"भामाबाई, उद्या पोरीला शाळेत पाठवा."

भामाबाई भाकरी थापता थापता थांबली. "पर उद्या मोठं सायब येनार न्हवं?"

"येणार आहेत."

"मग? सायब आला की तिला लपवायची रीत हाय तुमची. तिनंच सांगितलं. म्हटलं, झाडांना पानी घालन्यापरीस मळ्यात येऊंद्या. चार घड तरी तोडंल."

ती रागानं बोलली नव्हती. पाऊस येणार म्हणून गवत झाकायचं, तसं सरळ बोलली होती. त्यानं मला जास्त लागलं.

"ती रीत मोडली," मी म्हणालो. "चूक माझी होती. तिची पूर्व बरोबर होती आणि माझी चुकीची."

भामाबाईनं पीठ लागलेल्या हातानं पदर सावरला आणि हसली. "आवं गुरजी, पूर्व बी चुकती व्हय मान्साची? दिस उगवलेला दिसत न्हाई का तुमास्नी?"

दारामागून बनीचं हसू ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक यायच्या आधीच सकाळच्या एस.टी.तून सुभेदार सयाजीराव उतरले. खाकी कोट, पिळलेल्या मिशा, हातात लोखंडी ट्रंक. पोराला बघून म्हणाले, "सामान भरून ठेव. परवा साताऱ्यात भरती हाय. पाठ झाला की दुपारच्या गाडीनं निघायचं."

"पास झालो तर?"

"झालास तर ट्रंक रिकामी माघारी नेईन. मला काय वझं हाय तिचं?" आणि ट्रंकेवर कडुनिंबाखाली बसून त्यांनी तंबाखूची चंची काढली.

परीक्षक साडेदहाला आले. बारीक अंगाचे, जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणारे. त्यांनी टाचणवही उघडली. पानं मागं-पुढं केली. मग चष्मा वर करून जालिंदरकडं बघितलं.

"हा रकाना कोरा का?"

"मुलं काय बोलतील ते ठाऊक नाही, साहेब."

"हं." त्यांनी वही बंद करून काखेत घेतली. "पस्तीस मिनिटं. चालू करा."

जालिंदरनं खिळ्यावरचा नकाशा उतरवला आणि तो अंगणात निघाला. परीक्षकांच्या कपाळावर आठी आली. नकाशा जमिनीवर ठेवलेला त्यांना चालला नसता, पोरांनाही नसता. कागदाला पाय लागला की आपण डोळ्यांना हात लावतो. म्हणून मी घरून जेवायचा मोठा पाट आणून ठेवला होता. पाटावर नकाशा, चारी कोपऱ्यांना खडे, भोवती एक्केचाळीस पोरं.

"हा आपला जिल्हा," जालिंदर म्हणाला. "ह्यात आपलं गाव कुठं असेल?"

तासगाव आणि सांगलीच्या मध्ये बोट ठेवायला पोरांना वेळ लागला नाही.

"आता समजा, मला कुणी नवा माणूस विचारतो, तासगावला कुठल्या दिशेनं जायचं? नकाशा बघून सांगा."

"वर!" अर्जुना म्हणाला, आणि त्यानं आभाळ दाखवलं.

"मग एस.टी. उडती का रं?" मागून बनी म्हणाली.

हशा झाला. अर्जुनाचे कान लाल झाले. "वर म्हंजी उत्तर. आन् पूर्व उजव्या हाताला. पाठ हाय मला." त्यानं उजवा हात देवळाकडं लांब केला.

"कुठंबी उभा ऱ्हायलास तरी उजव्याच हाताला?"

"व्हय."

"मग वळ की मागं."

अर्जुना वळला.

"आता कुठं हाय पूर्व?"

त्यानं उजवा हात लांब केला, आणि तो तिथंच थांबला. मघाशी हात देवळाकडं होता, आता ओढ्याकडं.

"तू वळलास की पूर्व बी वळती व्हय?" बनीनं विचारलं. "मग दिसानं उगवायचं कुठनं? तुला इचारून?"

अर्जुना परत वळला. मग पुन्हा वळला. त्याच्या मागून आणखी दहा पोरं स्वतःभोवती फिरू लागली. कुणी भोवळ येऊन खाली बसलं. अंगणात असा गलका झाला की पलीकडच्या वर्गातले मास्तर खिडकीत आले. मी घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं झाली होती. परीक्षकही घड्याळ बघत होते. कडुनिंबाखाली सुभेदारांनी चंची बंद करून खिशात ठेवली आणि ट्रंकेच्या कडीवर हात ठेवला.

मागल्या वर्षीसारखंच होणार, मला वाटलं. पोरं भरकटली, हा त्यांच्या मागं गेला, आता घंटा होणार. जीभ सारखी टाळूला लागत होती. नुसतं 'टेकडीकडं बघा रे' म्हणायचा अवकाश होता. मी ते म्हणालो नाही. आयुष्यात एवढं कठीण मौन मी पाळलेलं नाही.

जालिंदरही काही सांगत नव्हता. गलका जरा ओसरला तेव्हा एवढंच म्हणाला, "मग न वळणारी पूर्व कुठली?"

अर्जुना धापा टाकत होता. त्यानं बनीकडं बघितलं, मग ती बघत होती तिकडं बघितलं. "तुकाई," तो म्हणाला. "तुकाईची टेकडी वळत न्हाई."

"मग ह्यो नकाशाच वळवा की!" बनी म्हणाली.

आणि पोरांनी पाटाला हात घातला. सहा-सात जणांनी तो उचलला, बाकीची ओरडत होती, 'आनखी, आनखी! आता जादा झालं! माघारी!' नकाशावरचं तासगाव खऱ्या तासगावच्या रस्त्याकडं आलं, सांगली सांगलीच्या रस्त्याकडं, नकाशाची उजवी कड टेकडीसमोर. पाट खाली टेकला. बनी त्यावर वाकली.

"आगं बया! येरळा बी बराबर आली की!"

खरंच आली होती. ओढ्यापलीकडं जिथं येरळा नदी वाहत होती, तिथंच कागदावरची निळी रेघ पडली होती, आणि ती तशीच खाली कृष्णेकडं निघाली होती. कागद कागद राहिला नव्हता. मग जो तो बोट ठेवू लागला. "विटा तकडं!" "इस्लामपूर मावळतीला!" "आमची आत्या जतला दिली, ती ह्या टेकडीच्या पार मागं!" मी आठ तालुके पाठ करून घ्यायला आठवडा घ्यायचो. ते आठही सात मिनिटांत हातानं दाखवून झाले, आणि हात आभाळाकडं एकही गेला नाही.

कडुनिंबाखालून आवाज आला, "शाब्बास! आधी नकाशा जमिनीला लावायचा, मंग वाचायचा!" सुभेदार उभे राहिले होते. परीक्षकांनी तिकडं बघितल्यावर ते घाईनं पुन्हा ट्रंकेवर बसले.

"आता आत चला," परीक्षक म्हणाले. "नकाशा जागेवर लावा. शेवटची पाच मिनिटं मी विचारणार."

पोरं सवयीनं आपापल्या जागी बसली. बनी शेवटच्या ओळीत, दाराजवळ. नकाशा पश्चिमेच्या भिंतीवर त्याच खिळ्याला लागला. परीक्षकांनी काठी हातात घेतली, वर्गावरून नजर फिरवली आणि नेमकी तीच पोरगी उठवली.

"तू गं, मागची. पूर्व दिशा दाखव."

बनी उभी राहिली. वर्षापूर्वीसारखीच वळली. आमच्याकडं पाठ केली आणि दारातून टेकडीकडं बोट केलं.

या खेपेला कुणी हसलं नाही. पुढच्या ओळीतला अर्जुना उठला आणि वळला. मग त्याच्या शेजारचा. मग ओळच्या ओळ. दोन क्षणांत एक्केचाळीस पोरं परीक्षकांकडं पाठ करून उभी होती आणि एक्केचाळीस हात दाराबाहेर गेले होते.

"अरे, मी इकडे आहे!" परीक्षक म्हणाले. "इकडे वळा. नकाशात पूर्व कुठे आहे?"

बनी बाकांच्या मधून चालत पुढं आली. तिनं टाचा उंच करून नकाशाच्या उजव्या कडेला, जतवर हात ठेवला. "नकाशातली हितं हाय. पर खरी तकडं हाय, दारात. दोन्ही मिळंनात, कारन नकाशा भलत्याच भिंतीला लावलाय. ह्यो खिळा चुकलाय."

परीक्षकांनी काठी खाली घेतली. "खिळा कुणी मारला?"

मी हात वर केला. पोरं वर करतात तसाच, कोपरात न वाकवता. "मी, साहेब. एकोणीस वर्षांपूर्वी."

पोरं अशी हसली की छपरावरची कबुतरं उडाली. मीही हसलो. बनी मात्र हसली नाही. ती माझ्याकडं जरा काळजीनं बघत होती, जणू आता मला पाणी घालायला पाठवतील की काय.

परीक्षक दाराशी गेले. टेकडी बघितली, नकाशा बघितला, मग नकाशाकडं तोंड करून आपला उजवा हात थोडासा लांब केला आणि लगेच मागं घेतला. जालिंदरला म्हणाले, "माझ्या घरी बैठकीत महाराष्ट्राचा नकाशा आहे. दक्षिणेच्या भिंतीला."

"घरी गेल्यावर आपल्या दाराचं तोंड कुठल्या दिशेला ते बघून या," जालिंदरनं गृहपाठ दिला, आणि घंटा झाली. मी घड्याळ बघितलं. पस्तीस मिनिटं पुरी झाली होती.

व्हरांड्यात परीक्षकांनी टाचणवही त्याच्या हातात दिली. "मुलं काय बोलतील ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आता आहे?"

"आहे, साहेब."

"मग भरा."

जालिंदर पायरीवर बसून लिहीत होता. रकाना भरला, मग समास भरला, मग त्यानं पान उलटलं. परीक्षकांनी उभ्यानं वाचलं. 'तू वळलास की पूर्व बी वळती व्हय?' इथं आल्यावर त्यांचे खांदे हलले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि खाली लाल शाईत काहीतरी लिहिलं. गुण सांगायची परवानगी त्यांना नव्हती. ते मेमध्ये कळले: पाठात जालिंदर विद्यालयात पहिला होता. पण गाडीकडं जाताना ते कडुनिंबाखाली थांबले.

"तुम्ही यांचे वडील?"

सुभेदार ताडकन उठले. "व्हय, सायेब."

"भरतीला एक माणूस कमी पडेल म्हणावं. हा आम्हाला लागणार आहे."

ते गेल्यावर सुभेदार बराच वेळ मिशीला पीळ देत राहिले. पोराकडं न बघता म्हणाले, "लय गलका झाला रं तुझ्या वर्गात."

"झाला खरा, आबा."

"पलटनीत चालला नसता." मग त्यांनी ट्रंक उघडली. आतून रिकामीच होती, फक्त तळाशी फडक्यात बांधलेले पेढे होते. म्हाताऱ्यानं दोन्ही बाजूंची तयारी केली होती.

पेढे एक्केचाळीस पोरांना पुरण्यासारखे नव्हते, म्हणून ते चिमटीनं वाटले. पोरं घरी जाईनात. सुभेदारांनी कोट काढला, माझ्या टेबलाच्या खणातली पक्कड घेतली आणि पश्चिमेच्या भिंतीतला खिळा उपटला. एकोणीस वर्षांचा गंज, सहजासहजी येईना. आला तेव्हा मूठभर चुना घेऊन आला. मग ते उत्तरेच्या भिंतीशी स्टुलावर चढले.

"हितं ठोकू का, गुरजी?"

"मला विचारू नका," मी म्हणालो. "मी मारलेला खिळा तुम्ही बघितलात. तिला विचारा."

बनी वर्गाच्या मधोमध उभी राहिली. तिनं आधी दारातून टेकडी बघितली, मग भिंत. कमरेवर हात ठेवले.

"आवं आजोबा, जरा अल्याड. आनखी. बास. आता ठोका."

आणि सुभेदार सयाजीरावांनी तिच्या हुकमानं खिळा ठोकला.